अर्ली डिसिजनवर सही करण्याआधी

बोरिवलीहून एका आईचं पत्र आलं आहे. त्यांची मुलगी राज्य मंडळातून बारावी सायन्सला आहे. दहावीला 95 टक्के, अकरावीला 88, सॅट या अमेरिकी प्रवेश परीक्षेत 1480. तिला अमेरिकेत अर्थशास्त्र शिकायचं आहे. आई विमा कंपनीत आणि वडील सरकारी बँकेत. दोघांचं मिळून वार्षिक उत्पन्न 27 लाख, राहता फ्लॅट स्वतःचा. साठवलेले पैसे आणि थोडं कर्ज धरून वर्षाला 20 लाख झेपतील, असा त्यांचा अंदाज आहे. कन्सल्टन्सीने एक नावाजलेलं खासगी विद्यापीठ सुचवलं आहे, तिथला वर्षाचा एकूण खर्च 90 हजार डॉलर. ‘1 नोव्हेंबरच्या आत अर्ली डिसिजन टाका, शक्यता दुप्पट होते. मुलगी हुशार आहे, मेरिट स्कॉलरशिप मिळेलच. नाही मिळाली तर नकार देता येतो,’ असं त्यांना सांगण्यात आलंय. अर्ली डिसिजन म्हणजे प्रवेश मिळाला तर तिथेच जाण्याचं बंधन घालणारा, लवकर करायचा अर्ज. वडील आणि मुलगी तयार आहेत. आई विचारतात, ‘सही करायला माझा हात उचलत नाही. माझी भीती मुलीच्या आड येतेय का?’

---

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही, तुमची भीती मुलीच्या आड येत नाहीये. घरात कुणीतरी आकडे मांडून बघायला हवेत, आणि सध्या ते काम तुम्ही एकट्या करताय. फक्त नुसत्या भीतीपोटी सही टाळली, तर ती सल मुलीच्या आणि तुमच्याही मनात राहील. म्हणून आपण हिशोबच करू.

लवकर अर्ज करणं, बांधील होणं आणि पैसे मिळणं या तीन वेगळ्या गोष्टी तुम्हाला एका दमात सांगितल्या गेल्या आहेत. त्या सुट्या करून बघा.

अर्ली ॲक्शन या बांधील न करणाऱ्या पद्धतीत अर्ज साधारण 1 किंवा 15 नोव्हेंबरपर्यंत जातो, निकाल डिसेंबर ते फेब्रुवारीच्या दरम्यान लागतो आणि होकार कळवायला 1 मेपर्यंत मुदत असते. अर्ली डिसिजनची तारीखही जवळपास तीच, पण तो एकाच विद्यापीठाला करता येतो. त्याच्या करारावर मुलगी, पालक आणि कॉलेजचे काउन्सेलर अशा तिघांच्या सह्या लागतात. प्रवेश मिळाला की बाकीचे सगळे अर्ज मागे घ्यायचे. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, स्टॅनफर्ड यांची तिसरीच तऱ्हा आहे. त्यांचा अर्ली अर्ज बांधील नसतो, पण त्याबरोबर दुसऱ्या खासगी विद्यापीठांत अर्ली अर्ज करण्यावर बंधनं येतात.

म्हणजे लवकर अर्ज करण्यासाठी बांधील व्हावंच लागतं असं नाही. मेरिट स्कॉलरशिप हवी असेल तर लवकर अर्ज करणं बहुतेक ठिकाणी फायद्याचं असतं, काही ठिकाणी तर ती अटच असते. बांधील होणं मात्र पैशांच्या बाबतीत तुमच्या विरोधात जाऊ शकतं. अर्ली डिसिजनचा निकाल डिसेंबरच्या मध्यावर येतो आणि अनामत रक्कम लगेचच भरावी लागते. इतर विद्यापीठांची स्कॉलरशिपची पत्रं येतात फेब्रुवारी-मार्चमध्ये. ती शेजारी ठेवून तुलना करायची संधीच मिळत नाही. आणखी एक साधी गोष्ट. अनेक विद्यापीठं मेरिटचे पैसे देतात ते चांगला विद्यार्थी दुसरीकडे जाऊ नये म्हणून. ‘मी येणारच’ असं लिहून दिलेल्या मुलीला वेगळं आमिष दाखवायची त्यांना फारशी गरज उरत नाही.

‘शक्यता दुप्पट’ हा आकडा खोटा असेलच असं नाही, पण तो तुमच्या मुलीला जसाच्या तसा लागू होत नाही. अर्ली डिसिजनच्या यादीत आधीच निवडलेले खेळाडू असतात, माजी विद्यार्थ्यांची मुलं असतात आणि पूर्ण फी भरू शकणारी बरीच कुटुंबं असतात. त्यांच्यामुळे ती टक्केवारी फुगते. शिवाय बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याने आर्थिक मदत मागितली, तर ती गोष्ट प्रवेशाच्या निर्णयात धरली जाते.

आता ‘हुशार आहे, मिळेलच’ हे वाक्य. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, कोलंबिया अशी आयव्ही लीगची आठही विद्यापीठं मेरिट स्कॉलरशिप देतच नाहीत. एमआयटीही देत नाही. तिथे मिळते ती गरजेवर आधारित मदत, कुटुंबाची आर्थिक स्थिती पाहून. कन्सल्टन्सीने सुचवलेलं विद्यापीठ या गटातलं असेल, तर मेरिटची वाट पाहण्यात अर्थ नाही. गटाबाहेरचं असेल, तर ते परदेशी विद्यार्थ्यांना मेरिट देतं का, किती जणांना आणि किती, हे बघायला हवं. हे बघणं अवघड नाही, आणि यासाठी कुणाला पैसे मोजायचीही गरज नाही.

विद्यापीठाचं नाव आणि त्यापुढे ‘कॉमन डेटा सेट’ असं शोधा. बहुतेक विद्यापीठं दरवर्षी ही लांबलचक फाइल प्रसिद्ध करतात. तिच्यातले तीन भाग तुमच्या कामाचे आहेत. सी 9 मध्ये प्रवेश घेतलेल्या मुलांचे सॅटचे गुण असतात, खालच्या पंचवीस टक्क्यांची रेषा आणि वरच्या पंचवीस टक्क्यांची रेषा. सी 21 मध्ये अर्ली डिसिजनने किती अर्ज आले आणि किती घेतले ते कळतं. एच 6 हा भाग परदेशी विद्यार्थ्यांचा. किती जणांना मदत मिळाली आणि सरासरी किती डॉलर, ते तिथे लिहिलेलं असतं. त्या जागी शून्य किंवा अगदी छोटा आकडा दिसला, तर स्कॉलरशिपची चर्चा तिथेच संपते. सी 9 वाचताना एक गोष्ट लक्षात ठेवा. मेरिटचे पैसे सहसा वरच्या पंचवीस टक्क्यांत बसणाऱ्या मुलांकडे जातात. तुमच्या मुलीचे 1480 चांगले आहेत. पण जिथे खालची रेषाच 1490 ला आहे, तिथे तिला प्रवेश मिळाला तरी मेरिट मिळणं कठीण. जिथे वरची रेषा 1420 ला आहे, तिथे तीच मुलगी त्यांना हवीहवीशी वाटेल. ज्या विद्यापीठाचं नाव ऐकून सोसायटीतल्या लोकांच्या भुवया उंचावतील, ते आणि जे तुमच्या मुलीसाठी पैसे मोजेल ते, ही दोन बहुधा वेगळी असतात. हे घरात आत्ताच मोकळेपणाने बोललेलं बरं.

हिशोबापुरता 90 रुपयांचा डॉलर धरू. 90 हजार डॉलर म्हणजे वर्षाला 81 लाख, चार वर्षांचे सव्वातीन कोटी. तुमचे 20 लाख म्हणजे साधारण 22 हजार डॉलर. समजा तिला वर्षाला 25 हजार डॉलरची स्कॉलरशिप मिळाली. पत्र आल्यावर घरात पेढे वाटले जातील, आणि तरीही वर्षाला साडेअठ्ठावन्न लाख उरतातच. ‘फुल ट्युशन’ स्कॉलरशिप मिळाली तरी राहणं, जेवण, विमा, पुस्तकं आणि विमानाचं तिकीट यांचे 20 ते 25 हजार डॉलर तुमचेच. म्हणजे तुमचं सगळं बजेट त्यातच संपतं. म्हणून ‘स्कॉलरशिप किती’ असं विचारू नका, ‘स्कॉलरशिप वजा जाऊन आपल्याला किती भरायचे’ असं विचारा. आणि ते पहिल्या वर्षापुरतं विचारून थांबू नका. स्कॉलरशिपची रक्कम बहुधा चारही वर्षं तेवढीच राहते, फी मात्र दरवर्षी वाढते. 60 हजारांची ट्युशन वर्षाला 4 टक्क्यांनी वाढली तर चौथ्या वर्षी साडेसदुसष्ट हजारांवर जाते. रुपया घसरला तर ते वेगळंच. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी श्रेणी, लागतो तेही पत्रात वाचा. कुठे 3.0 असतो, कुठे 3.5. पहिल्या सेमिस्टरला गडबडलेल्या मुलीसाठी या दोन आकड्यांत मोठं अंतर आहे. राहण्या-जेवण्यासाठी मिळणाऱ्या स्कॉलरशिपवर अमेरिकेत कर लागतो, हेही हिशोबात धरा.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते, की 27 लाख उत्पन्न असलेल्या घराने गरजेवर आधारित मदत मागायची नसते. बोरिवलीत तुम्ही सुस्थितीतल्या समजल्या जाल. पण अमेरिकेतल्या मदत कार्यालयाला ते वर्षाचे 30 हजार डॉलर दिसतात. हार्वर्डने 2025-26 पासून, नेहमीइतकी मालमत्ता असलेल्या आणि 1 लाख डॉलरपर्यंत उत्पन्नाच्या कुटुंबांचा संपूर्ण खर्च उचलायचं जाहीर केलं आहे, आणि तिथली मदत परदेशी विद्यार्थ्यांनाही त्याच निकषांवर मिळते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी आणि ॲमहर्स्ट ही परदेशी विद्यार्थ्याने मदत मागितली म्हणून त्याचा अर्ज मागे ठेवत नाहीत. प्रवेश मिळणं तिथे अतिशय अवघड, हे खरंच. पण मदतीच्या रकान्यात ‘नाही’ लिहिण्याआधी दहा वेळा विचार करा, कारण पहिल्या वर्षी मदत मागितली नाही तर पुढच्या वर्षांत परदेशी विद्यार्थ्याला ती मागताच येत नाही, असा अनेक विद्यापीठांचा नियम आहे.

गरजेवर आधारित मदतीसाठी बरीच खासगी विद्यापीठं सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कुटुंबाच्या आर्थिक माहितीचा ऑनलाइन फॉर्म मागतात. तो 1 ऑक्टोबरला उघडतो. आयटीआर, फॉर्म 16, बँक स्टेटमेंट आणि पीएफची रक्कम हाताशी ठेवून बसा. मुंबईच्या कुटुंबांची गाडी अडते ती घराच्या किमतीपाशी. शेजारच्या रीडेव्हलप झालेल्या टॉवरचा दर आपल्या तीस वर्षं जुन्या इमारतीला लावून लोक दीड-दोन कोटी लिहून टाकतात. आपल्याच इमारतीत नुकत्याच झालेल्या विक्रीचा किंवा रेडी रेकनरचा दर धरा, कर्ज बाकी असेल तर ते लिहा, आणि विशेष परिस्थितीच्या रकान्यात स्पष्ट करा की हे एकमेव राहतं घर आहे आणि त्यातून उत्पन्न येत नाही. काहीही लपवू नका. कागदपत्रं पुढे तपासली जातात.

‘नाही मिळाली तर नकार देता येतो’ यातलं अर्धंच खरं आहे. आर्थिक मदतीसाठी अर्ज केला आणि देऊ केलेली मदत अपुरी पडली, तर अर्ली डिसिजनच्या करारातून सुटका मागता येते. मदत मागितलीच नाही, नुसती मेरिटची आशा धरली आणि ती मिळाली नाही, तर सुटकेचं कारण काय देणार? विद्यापीठ कोर्टात जाणार नाही. पण करारावर काउन्सेलरची, म्हणजे तुमच्या कॉलेजचीही सही असते, आणि पुढच्या वर्षी त्याच कॉलेजातून अर्ज करणाऱ्या मुलांना त्याचा त्रास होऊ शकतो. मोडायच्या तयारीने करार करणं मला पटत नाही, आणि सतरा वर्षांच्या मुलीला ते शिकवणं तर अजिबातच नाही.

तुमच्या यजमानांची बाजूही सांगायला हवी. ज्यांना पूर्ण खर्च सहज झेपतो, किंवा ज्यांनी पूर्ण गरज भागवणारं विद्यापीठ निवडून तिथल्या मदत कार्यालयाला मेल करून अंदाज घेतला आहे, त्यांच्यासाठी अर्ली डिसिजन चांगला मार्ग आहे. विद्यापीठांच्या संकेतस्थळावरचे खर्चाचे कॅल्क्युलेटर मात्र बहुतेक अमेरिकन कुटुंबांसाठी बनवलेले असतात, त्यांच्या आकड्यावर विसंबू नका. तुम्ही या दोन्ही गटांत आज बसत नाही, म्हणून माझा सल्ला असा की 1 नोव्हेंबरची तारीख पाळा, पण अर्ली ॲक्शनसाठी.

एक बरं की मेरिटच्या काही मोठ्या स्कॉलरशिपच्या तारखा याच दिवसांत येतात. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया मेरिटच्या विचारासाठी 1 नोव्हेंबरचा अर्ली ॲक्शन अर्ज मागतं. बॉस्टन युनिव्हर्सिटीच्या ट्रस्टी आणि प्रेसिडेन्शियल स्कॉलरशिपसाठी 1 डिसेंबर ही तारीख चालत आली आहे, व्हँडरबिल्टच्या मोठ्या स्कॉलरशिपसाठीही तीच, आणि तिथे वेगळा अर्ज भरावा लागतो. या सगळ्या अतिशय चुरशीच्या आहेत, त्यांच्या भरवशावर राहता येणार नाही. यादीत निम्मी विद्यापीठं अशी हवीत, जिथे गुण आणि सॅट पाहून ठरावीक सवलत जाहीर केलेली असते आणि तिचा तक्ता संकेतस्थळावर असतो. अशी बरीच सरकारी विद्यापीठं आहेत. कॅनडाचा विचार असेल तर टोरांटोची लेस्टर पीअरसन स्कॉलरशिप ट्युशनसकट राहण्याचाही खर्च देते, पण कॉलेजने एकाच विद्यार्थ्याचं नाव सुचवायचं असतं. प्राचार्यांना लगेच भेटा, कारण ते नाव शरद ऋतूतच, ऑक्टोबरच्या सुमारास जावं लागतं. जे. एन. टाटा, के. सी. महिंद्रा, इनलॅक्स या मुंबईतल्या ट्रस्टांची नावं नातेवाईक सुचवतील. त्या स्कॉलरशिप पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत, आत्ता त्यात वेळ घालवू नका.

आता कागदपत्रं. राज्य मंडळाच्या मुलांचे सर्वांत जास्त हाल इथे होतात. नववी-दहावी शाळेत आणि अकरावी-बारावी ज्युनिअर कॉलेजात, त्यामुळे चार वर्षांच्या गुणपत्रिका दोन ठिकाणांहून मिळवाव्या लागतात. शाळेच्या ऑफिसातून नववीची गुणपत्रिका लेटरहेडवर, सही-शिक्क्यानिशी आत्ताच आणून ठेवा. टक्क्यांचं चारपैकी जीपीएमध्ये रूपांतर करू नका, आहेत तसेच टक्के द्या. 95 वरून 88 वर घसरण दिसते, ती समजावून सांगायचं काम ‘स्कूल प्रोफाइल’ करतं. कॉलेजबद्दलच्या या एका पानात मंडळ कोणतं, वर्गात मुलं किती आणि अकरावीत पहिल्या आलेल्या मुलीला किती टक्के होते, हे लिहिलेलं असावं. पहिलीलाच 91 असतील तर 88 चा अर्थ बदलतो. बहुतेक कॉलेजांकडे असं पान तयार नसतं. तुम्ही माहिती गोळा करून द्या, मजकूर उपप्राचार्यांना तपासायला लावा.

मुलगी इंटिग्रेटेड कोर्सला असेल आणि कॉलेजात फारशी जात नसेल, तर शिफारसपत्राची अडचण येईल. कोचिंग क्लासच्या सरांचं पत्र ‘इतर’ या रकान्यात जाऊ शकतं, विषय शिक्षकांच्या जागी नाही. ज्या बाईंनी खरंच शिकवलंय, मग त्या प्रॅक्टिकलच्या का असेनात, त्यांच्याकडे जा आणि मुलीबद्दलचे तीन-चार नेमके प्रसंग एका कागदावर लिहून द्या. ‘तूच लिहून आण, मी सही करतो’ असं कुणी म्हटलं तर नम्रपणे नकार द्या. स्वतः लिहिलेलं पत्र निबंधाच्या भाषेशी जुळतं आणि ओळखू येतं. शिफारस अपलोड होते ती शिक्षकांच्या ईमेलवरून, तो शक्यतो कॉलेजचा अधिकृत असावा.

नावाकडेही बघा. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या ओळीत. अर्जात, सॅटच्या नोंदणीत आणि बँकेच्या कागदांवर पासपोर्टचं स्पेलिंग अक्षर न् अक्षर तेच ठेवा. कुठे डब्ल्यू आणि कुठे व्ही झाला, की गुण आणि अर्ज एकमेकांना जुळत नाहीत.

या सगळ्याला दसऱ्याची मुदत घाला. दिवाळीच्या सुट्टीत कॉलेजचं ऑफिस बंद असतं आणि शिक्का मारायला कुणी सापडत नाही. अनेक विद्यापीठांना एकत्र अर्ज करायच्या कॉमन ॲप या पोर्टलवरची मुदत तुमच्या स्थानिक वेळेनुसार रात्री 11:59 ला संपते, अमेरिकेच्या वेळेनुसार काही तास जास्त मिळतील असं समजू नका.

कर्जाची चौकशीही आत्ताच. साडेसात लाखांवरच्या शैक्षणिक कर्जाला सरकारी बँका साधारणपणे तारण मागतात, आणि फ्लॅट तारण ठेवायचा तर शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी आणि आधीच्या खरेदीखतांची साखळी लागते. इमारत रीडेव्हलपमेंटला जाणार असेल तर बँक अडून बसू शकते. पुढे आय-20, म्हणजे व्हिसासाठी विद्यापीठ देतं त्या फॉर्मसाठी पहिल्या वर्षाचे पैसे दाखवावे लागतात, म्हणून मे महिन्यात धावपळ करण्यापेक्षा डिसेंबरमध्ये कर्जाचा होकार हातात असलेला बरा.

कन्सल्टन्सीला मेल करून लेखी विचारा. या विद्यापीठाने गेल्या वर्षी किती परदेशी विद्यार्थ्यांना मेरिट दिलं? मदत मागितली तर प्रवेशावर परिणाम होतो का? आणि प्रवेश झाल्यावर विद्यापीठाकडून तुम्हाला कमिशन मिळतं का? उत्तरं द्यायला टाळाटाळ झाली, तर यूएसआयईएफ या भारत-अमेरिका शैक्षणिक संस्थेच्या मुंबई कार्यालयातल्या एज्युकेशन यूएसए केंद्रात जा, तिथे कोणत्याही एका विद्यापीठाची बाजू न घेता माहिती मिळते.

मुलीशी बोलताना ‘आपल्याला परवडणार नाही’ इतकंच सांगून थांबू नका. एच 6 चा आकडा, वर्षाचे 20 लाख आणि उरणारी रक्कम तिच्यासमोर कागदावर मांडा आणि यादी तिला करू द्या. अर्थशास्त्र शिकायला निघालेल्या मुलीला हे समजेल. त्या विद्यापीठावर तिचा जीव जडला असेल तर रेग्युलर डिसिजनने, म्हणजे नेहमीच्या मुदतीत, बांधील न होता, मदतीच्या अर्जासह, तिथे अर्ज करायला काहीच हरकत नाही. बऱ्याच ठिकाणी अर्ली डिसिजनची दुसरी फेरीही असते, जानेवारीच्या सुरुवातीला. तोवर अर्ली ॲक्शनचे काही निकाल हातात असतील आणि मदत कार्यालयाला पाठवलेल्या मेलचं उत्तरही आलेलं असेल.

बारावीचा अभ्यास मात्र सुटू देऊ नका. प्रिलिमचे गुण जानेवारी-फेब्रुवारीत कळवावे लागतात आणि मंडळाचा अंतिम निकालही विद्यापीठाला जातो. गुण फारच घसरले तर दिलेला प्रवेश ते रद्द करू शकतात. इथल्या ज्या प्रवेश परीक्षा तिला द्यायच्या असतील, त्यांचे फॉर्मही वेळेत भरून ठेवा.